रंजूची आई सहलीला यायची

लेकरं मोजायची नसतात, हे मला पहिल्यांदा सांगितलं ते रंजूच्या आईने, आणि तेही सहलीच्या बसच्या दारात, अर्धी मुलं आत आणि अर्धी बाहेर असताना. मी नुकतीच शाळेत लागले होते. प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत एक, दोन, तीन करत मी सतरापर्यंत पोचले, तोच एका उंच, सावळ्या बाईने माझा हात मधेच अडवला.

"बाई, लेकरं मोजू नका. नजर लागते."

"मग काय मोजू?" मी वैतागून विचारलं.

तिने काखेतली कापडी पिशवी माझ्यापुढे उघडली. "चिंध्या मोजा."

पिशवीत लाल कापडाच्या पट्ट्या होत्या, वीतभर लांब आणि बोटभर रुंद. तिचा नवरा नागपूरच्या गांधीबागेत एका ठोक कापडाच्या दुकानात कामाला होता. ताग्याच्या कडेच्या ज्या पट्ट्या तिथे कापून टाकत, त्या तो घरी आणायचा. सहलीच्या आदल्या दिवशी मुलं किती येणार ते ती शाळेत येऊन विचारून जायची आणि तेवढ्याच पट्ट्या पिशवीत भरायची. सकाळी बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येक पोराच्या डाव्या मनगटावर एक पट्टी. परत निघताना बसच्या दाराशी उभं राहून एकेकाची पट्टी सोडवून घ्यायची आणि पिशवीत टाकायची. मग पायरीवर बसून त्या पट्ट्या मोजायची. पट्ट्या पूर्ण भरल्या की ड्रायव्हरला हात करायची. "चाल गा भाऊ, समदे आले." लेकरांना बोट लावलं नाही आणि लेकरं मोजलीही गेली. देवालाही फसवलं आणि शाळेलाही, असं मी तेव्हा स्टाफरूममध्ये हसून सांगितल्याचं आठवतं. डी.एड.ला बालमानसशास्त्रात चांगले मार्क मिळवून आले होते मी, त्यामुळे मला असल्या गोष्टींचं हसू येणं साहजिकच होतं. पण त्याच दुपारी महाराजबागेत वाघाच्या पिंजऱ्यापुढे दोन-तीन शाळांची मुलं एकमेकांत मिसळली, तेव्हा आमची कोणती ते लांबूनच ओळखू आलं. वर केलेल्या प्रत्येक हाताला लाल पट्टी होती.

ही गोष्ट साठीचं दशक संपत आलं तेव्हाची. आमची शाळा प्रताप नगरच्या बाजूला होती. तिथे तेव्हा घरं विरळ होती आणि मधल्या मोकळ्या जागांवर तुरी उभ्या असायच्या. शाळा खासगी, प्राथमिक, चार वर्ग आणि एक मोठ्या बाई. मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाईच म्हणत. वर्षातून दोनदा सहल निघे आणि प्रत्येक सहलीला दोन-तीन आया मदतीला येत. मदतीला म्हणजे काय, तर त्या झाडाखाली सतरंजी अंथरून बसत, शेंगा सोलत आणि आपापल्या पोराला "स्वेटर काढू नको रे" असं बसल्या जागेवरून ओरडून सांगत. रंजूची आई तेवढी सगळ्या पोरांची असे.

ती यायला लागली त्याला कारण रंजू. रंजूला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला होता. उजव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा जड बूट होता. पहिलीत असताना सहलीची वेळ आली तेव्हा मोठ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, या मुलीला नेता येणार नाही, तिला सांभाळणार कोण? रंजूची आई म्हणाली, "मी येते जी." मोठ्या बाईंनी अट घातली की आई आली तरच रंजू, आई नसेल तर रंजू नाही. तेव्हापासून ती आलीच. रंजूला कडेवर घेऊन बसमध्ये चढायची, उतरवायची, पायऱ्या आल्या की पाठुंगळी घ्यायची. एखाद्या उंचशा जागी तिला बसवून द्यायची आणि म्हणायची, "बस वं इथं, लक्ष ठेव." रंजूही मोठी तयारीची. पाय पुढे पसरून ती ठाणेदारासारखी बसायची आणि वरून ओरडायची, "आई, तो बंडू पाण्याकडं चालून राहिला!" आई त्या दिशेने निघायची. या मायलेकींनी मिळून अख्खा वर्ग राखला.

तिच्या बोलण्यात मोठे विचार वगैरे कधी नसत, पण मुलांबद्दल तिचे काही पक्के नियम होते. "पोट्टं पळते तिकडं नाही पाहायचं बाई, ते जिथं जाऊन थांबणार आहे तिकडं पाहायचं." आणि दुसरा, "रडणाऱ्याजवळ नंतर गेलं तरी चालते. चूप बसलं असंल, त्याच्याजवळ आधी जावं." याचा अर्थ मला अंबाझरीच्या बागेत कळला. एका मुलाचा चेंडू पाण्यात गेला होता आणि तो सगळी बाग डोक्यावर घेऊन रडत होता. मी आणि दुसऱ्या दोघी आया त्याच्याभोवती जमलो. रंजूची आई मात्र आमच्याजवळून सरळ पुढे निघून गेली. पलीकडे बाकावर एक मुलगी दप्तर मांडीवर घेऊन निमूट बसली होती. हिने तिच्याशी काहीतरी हळू आवाजात बोलून तिला पदराआड घेतलं आणि झाडीमागे नेलं. परत आली तेव्हा त्या मुलीच्या अंगात रंजूचा जास्तीचा फ्रॉक होता. तिचा ओला फ्रॉक पिशवीच्या तळाशी गेला. वर्गात कोणालाही ते कळलं नाही. मीही कधी त्या मुलीला दाखवलं नाही की मला माहीत आहे.

मला ती आवडत होती, हे आधी सांगून ठेवते. कारण पुढे जे सांगायचं आहे ते ऐकून तसं वाटणार नाही.

माझ्या दुसऱ्या वर्षाची हिवाळी सहल. ठिकाणाचं नाव मी बदलते आहे, रामटेक म्हणू या. त्या मुलीचंही खरं नाव लिहीत नाही. तिला बेबी म्हणू, कारण तेव्हा नागपुरात घरटी एक बेबी असायचीच. शाळेला पंचवीस वर्षं झाली होती आणि स्मरणिका निघणार होती. सहलीचे फोटो काढायला सीताबर्डीहून फोटोग्राफर येणार होता. मुलांचे नवे गणवेश शिवून झाले होते. पांढरे शर्ट आणि निळे फ्रॉक कडक इस्त्रीत बससमोर उभे होते आणि रंजूची आई नेहमीप्रमाणे पिशवीत हात घालत होती. मी म्हटलं, "आज पट्ट्या नकोत. फोटोत त्या चिंध्या बऱ्या दिसणार नाहीत."

"फोटो झाले की बांधू?"

"नको. मीच मोजणार आहे आज."

"बरं, बाई," ती म्हणाली आणि पिशवीचं तोंड बंद केलं. तिला वाईट वाटलं असेल असं मला तेव्हा वाटलंही नाही. मला मोठ्या बाईंपुढे व्यवस्थित दिसायचं होतं. माझी नोकरी कच्ची होती. एका बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या, त्यांच्या जागी मी आले होते, त्या परत आल्याच नाहीत आणि मला पक्कं करायचं की नाही हे त्या वर्षी ठरायचं होतं. वडील गेलेले, दोन भाऊ शिकणारे, घरात मिळवती मी एकटी.

गड चढून झाला, दर्शन झालं, वानरांनी एकाची शिदोरी पळवली, फोटो निघाले. पायथ्याशी तलावाकाठी जेवणं झाली. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी, चिवडा. ऊन कलायला लागलं तशी मी मुलांना बसच्या दाराशी आणलं आणि मोजायला सुरुवात केली. दारात सगळ्यांत पुढे रंजू उभी होती. मी तिच्या डोक्याला हात लावला, एक. पण तिला पायरी चढायला वेळ लागत होता, मागून रेटारेटी व्हायला लागली, म्हणून तिच्या आईने तिला बाजूला घेतलं. बाकीची मुलं भराभर चढली. सगळ्यांत शेवटी रंजूला कडेवर घेऊन आई चढली. मी पुन्हा रंजूच्या डोक्याला हात लावला आणि म्हटलं, अडतीस. अडतीस मुलं होती, अडतीस भरली.

"बाई, एकदा नावानं हाका मारून पाहू काय?" रंजूच्या आईने विचारलं.

"कशाला? अडतीस झालीत ना. चला आता, उशीर होतोय."

बस सुटली. मुलं गाण्यांच्या भेंड्या खेळायला लागली. मनसर यायच्या सुमाराला रंजूची आई संत्र्यांची थैली घेऊन मधल्या वाटेने निघाली. अडतीस संत्री ती घरून मोजून आणायची. मुलांना मोजायचं नाही, संत्र्यांना काही हरकत नव्हती. प्रत्येकाच्या हातात एक ठेवत ती शेवटच्या बाकापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. तिच्या हातात एक संत्रं उरलं होतं. तिने बसभर एकदा नजर फिरवली. "बेबी कुठं आहे?" आणि मग तिचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "थांबव गा गाडी! गाडी थांबव!"

परत जायला लागलेला तो वेळ मला अजून स्वप्नात येतो. तलाव होता, झाडी होती, अंधार पडायला फार वेळ नव्हता. मी खिडकीची दांडी धरून बसले होते आणि सगळे देव आठवत होते. बस पुरती थांबायच्या आत रंजूची आई उतरली आणि चपला तिथेच टाकून पळाली. बेबी पायऱ्यांच्या तोंडाशी फुलं-नारळ विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईजवळ बसलेली सापडली. जेवायच्या जागी तिचा नवा स्वेटर राहिला होता. हरवला तर घरी बाबा रागावतील म्हणून ती रांग सोडून तो आणायला गेली होती. परत आली तर बस नव्हती. स्वेटरची घडी मांडीवर ठेवून ती बसली होती. रडत नव्हती. रंजूच्या आईने तिला काही विचारलं नाही. तिच्यासमोर मातीत बसली, ते उरलेलं संत्रं सोललं आणि तिच्या हातात दिलं. तेव्हा कुठे ती रडली.

येताना बेबी रंजूच्या आईच्या मांडीवर झोपली, म्हणून रंजू माझ्याजवळ बसली होती. खिडकीबाहेर बघतच ती हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही मले दोनदा हात लावला. आधी पण, अन् मंग पण."

सात वर्षांच्या मुलीने माझी चूक मला सांगितली. मी "हो" म्हणाले, एवढंच.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला बेबीचे वडील आले. लाकडाचे ठेकेदार, शाळेच्या समितीवर, अंगापिंडाने भक्कम. बेबीला दंडाला धरून आणलं होतं. मोठ्या बाईंनी मला आणि सहलीला आलेल्या आयांना ऑफिसात बोलावून घेतलं. बाकीच्या दोघी काहीतरी कारणं सांगून आल्याच नाहीत. रंजूची आई आली.

"कोणाच्या भरवशावर पाठवायची जी आम्ही लेकरं?" ठेकेदार टेबलावर हात आपटत म्हणाले. "तलावात गेली असती तर? काहून नाही मोजलं कोणी?"

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "मोजणी कोणाकडे होती?"

मी तोंड उघडलं होतं, असं मी नंतर कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, की पहिल्या तारखेला घरी काय सांगायचं. ठेकेदारांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना उत्तर मिळालं असावं. ते मुलीकडे वळले. "तुले सांगितलं होतं ना, लाईन सोडायची नाही म्हणून? पाहा आता. तुझ्यापायी या बाईची नोकरी चालली." आणि त्यांनी तिच्या कानशिलात दिली. बेबीने गालावर हातसुद्धा नेला नाही. ती माझ्याकडे बघत उभी राहिली.

"थांबा जी भाऊ." रंजूची आई मधे येऊन उभी राहिली होती. "लेकराले हात लावू नका. तिचं काही चुकलं नाही. बाईचंही नाही. मोजायचं काम माझ्याकडं होतं. मी चुकली."

मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे? तुम्ही तर मुलं मोजतच नाही म्हणता."

"म्हणून तर चुकली जी."

मग ती खाली वाकली आणि बेबीला म्हणाली, "माय, तू स्वेटर आणायले गेली, ते बराबर केलं. मी पाहायले पाहिजे होतं. मी नाही पाहिलं. चूक माझी आहे, समजली?" बेबीने मान हलवली.

मी तिथे उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं आणि मी ते बोलले नाही. निकाल पाच मिनिटांत लागला. यापुढे रंजूच्या आईने सहलीला यायचं नाही. आणि आई नाही तर रंजू नाही, ही अट होतीच, ती कोणी वेगळी उच्चारलीही नाही.

त्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले. जे मनात होतं ते बोलायला सुरुवात केली तर ती म्हणाली, "चहा घ्या बाई. झालं ते झालं, आता काढू नका." मी चहा घेतला. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मला पक्कं केल्याचं पत्र मिळालं.

मोहल्ल्यात बोललं जायचं ते माझ्या कानावर येई. "तीच ना, जी लेकरू इसरून आली होती?" पापडाला जमलेल्या बायका तिच्यासमोर असं बोलत आणि ती लाटत राही. रंजू आमच्याकडे आणखी दोन वर्षं होती. या दोन वर्षांत ज्या सहली निघाल्या, त्या प्रत्येक वेळी सकाळी मायलेकी फाटकाशी येऊन उभ्या राहत. मी म्हटलं होतं, रंजूला मी घेते, माझ्या जबाबदारीवर. मोठ्या बाई नाही म्हणाल्या आणि मी पुन्हा विचारलं नाही. रंजूची आई खिडकीखाली येऊन मला सांगायची, "त्या लहान्याले गाडी लागते, त्याले समोर बसवा. अन् ती शिंद्यांची पोरगी सांगत नाही पण तिले तहान फार लागते." बस निघाली की रंजू फाटकाला धरून हात हलवायची. मी उलट हात हलवत असे. कोणत्या तोंडाने हलवत होते, देव जाणे.

पुढे रंजू मोठ्या शाळेत गेली आणि गाठीभेटी कमी झाल्या. सणासुदीला बाजारात कुठेतरी दिसायची, चौकशी करायची, निघून जायची. मी त्याच शाळेत राहिले. सहलींना मी मुलांना नावानिशी हाका मारून चढवायची, पुन्हा कधी डोकी मोजली नाहीत. आत कुठेतरी मी एक हिशेब मनाशी धरून बसले होते की या बाईने माझ्यासाठी आपलं नाव घालवलं, आपल्या पोरीचा आनंद घालवला, आणि मी तिची ऋणी आहे. या ऋणाचंही एक समाधान असतं, हे आता लिहिताना कळतं आहे. कोणीतरी आपल्यासाठी एवढं केलं, म्हणजे आपणही कोणीतरी होतो.

त्या सहलीनंतर पंधरा-सोळा वर्षांनी रंजू मला शोधत शाळेत आली. आई धंतोलीत एका दवाखान्यात आहे, पोटाचा आजार आहे, डॉक्टरांनी आता घरी न्यायला सांगितलं आहे, पण ती म्हणते बाईंना एकदा बोलाव. मी तशीच गेले. खाटेच्या पायाशी अडकवलेल्या कागदावर नाव होतं, सुभद्रा. इतक्या वर्षांत मला तिचं नाव माहीत नव्हतं. ती फार वाळली होती, पण हसली ती तशीच.

मी बसले आणि सगळं एकदम बाहेर आलं. मी रडले. म्हटलं, "माझी नोकरी वाचवायला तुम्ही खोटं बोललात. आणि मी उभी राहून पाहत होते. मला माफ करा."

ती माझ्याकडे नवलाने पाहत राहिली. "तुमची नोकरी?" मग थोडी ओशाळली. "बाई, खरं सांगू काय, रागावू नका. तुमच्या नोकरीचं तवा माझ्या डोक्यातच नव्हतं."

"मग?" मी विचारलं.

"त्यानं लेकराले मारलं. मारलेलं लेकरू इसरते, बाई. पण तो बोलला काय? तुझ्यापायी बाईची नोकरी चालली. तुम्ही तिचा चेहरा पाहिला नाही, मी पाहिला. सात वर्षाचं लेकरू. जन्मभर ते उरावर घेऊन फिरलं असतं." दम लागून ती थांबली. रंजूने तिला चमच्याने पाणी पाजलं. "तुम्हाले दुसरी नोकरी भेटली असती. तिले दुसरं लहानपण कुठून भेटलं असतं?"

इतकी वर्षं मी जपलेलं ते ऋण माझं नव्हतंच. त्या ऑफिसात मी तिच्या नजरेला पडलेच नव्हते. मला लाज वाटली, आणि थोडं दुखलंही, तेही लपवत नाही.

"आणि रंजू?" मी विचारलं. "तिच्या सहली गेल्या त्याचं काय?"

रंजू बाटली धुवायला बाहेर गेली तेव्हा ती बोलली. "रंजूवर अन्याय झाला माझ्या हातून. ते मी इसरली नाही. फाटकाजवळ उभी राहायची तवा पोटात तुटायचं माझ्या. पण रंजूले खरं काय ते माहीत होतं, अन् मी तिच्याजवळ होती. त्या पोरीजवळ कोण होतं?"

मी म्हटलं, "मी बेबीला भेटून खरं सांगते. ती आता मोठी झाली आहे. निदान तुमच्या नावावरचा तो डाग तरी जाईल."

"नका सांगू." तिचा आवाज एकदम ठाम झाला. "सांगून तुमचं मन हलकं होईल, बाई. तिचं जड होईल. मंग मी केलं ते काय कामाचं? मले वचन द्या."

मी दिलं. त्यानंतर दहाबारा दिवसांनी ती घरीच वारली.

तेराव्याला गेले तेव्हा घर भरलेलं होतं. आतल्या खोलीत रंजू भिंतीला टेकून बसली होती, पायाचा बूट काढून बाजूला ठेवलेला. तिच्याशेजारी एक तरुण मुलगी तिचा हात हातात घेऊन बसली होती. मी ओळखलं नाही. तिनेच मला वाकून नमस्कार केला. "बाई, मी बेबी." चेहरा मोकळा, डोळे रडून लाल झालेले, बोलण्यात एक निर्धास्तपणा. लग्न ठरलं होतं म्हणे. ऑफिसात मार खाऊन उभी असलेली ती मुलगी अशी होईल, असं मला वाटलं नव्हतं.

थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग ती म्हणाली, "बाई, तुम्हाला आठवतं? काकू मला रामटेकला विसरून आल्या होत्या. घरी मग कोणी ना कोणी बोलायचंच. तूच लाईन सोडली, तुझ्यामुळंच झालं. मी सरळ म्हणायची, नाही, रंजूच्या आईनं सगळ्यांसमोर सांगितलं, चूक तिची आहे. मग कोणी काही बोलायचं नाही." ती हसली आणि लगेच तिचा चेहरा उतरला. "पण मी काकूंना कधी म्हटलंच नाही, की जाऊ द्या काकू, चुकतं माणसाचं. म्हणायला पाहिजे होतं. त्यांना वाटलं असेल का हो, की माझा राग आहे?"

माझ्या ओठांवर ते वाक्य आलं. सोळा वर्षं जुनं, तयार, एका दमात बोलता येईल असं. मी रंजूकडे पाहिलं. तीही माझ्याकडेच पाहत होती. बसमध्ये माझ्याशेजारी बसून मला माझी चूक सांगणारी ती मुलगी, आणि त्या चुकीपायी फाटकाशी उभी राहिलेली.

रंजूने बेबीचा हात थोपटला. "नाही वं. आईचं चुकलंच होतं तवा. तिनं तुझं काही मनावर घेतलं नव्हतं."

"खरंच ना, बाई?" बेबीने मला विचारलं.

"खरंच," मी म्हणाले. "तिला तुझा राग कधीच नव्हता."

बेबीने डोळे पुसले आणि बरं वाटल्यासारखी मान हलवली. त्या ऑफिसात गप्प राहणं मला सोपं गेलं होतं. या वेळी नाही गेलं.